फूटव्हॉल

आमणापूरच्या काठावर मोटर पाणी उचलेना झाली
की लोक मला बोलावतात.
मी पाइप वर ओढून बघतो.
बहुतेक वेळा मोटरचा काही दोष नसतो,
तळाशी, गाळात, फूटव्हॉल गेलेला असतो.
रात्रभर पाणी हळूहळू मागं सरतं,
कुणाला पत्ता नसतो.
सकाळी बटण दाबलं की नुसती घरघर.

माणसं मग वरून शेणकाला ओततात.
दोन दिवस चालतं.

जैबुनचे गाल
मागच्या उन्हाळ्यापासून तांबूस दिसायला लागले होते.
मी म्हणायचो, मानवलं बघ तुला पलूसचं पाणी,
सोळा वर्षांनी का होईना.
ती हसायची. हसता हसता मधेच थांबून
श्वास घ्यायची.
एका उशीच्या दोन झाल्या, दोनाच्या तीन.
मग ती भिंतीला टेकून बसूनच झोपू लागली
आणि मला वाटलं, उकडत असेल.

मिरजेत डॉक्टर आरवाडे बाईंनी
तिला डाव्या कुशीवर वळवलं,
स्टेथोस्कोप ठेवला, डोळे मिटले,
बराच वेळ काही बोलल्याच नाहीत.
"लांब पुलावरून बैलगाडी जावी, तसा आवाज आहे."
मग गालांकडं बघून, "ही लाली किती दिवसांची?"
मी मान खाली घातली.

"लहानपणी सांधे धरले होते?"
जैबुनला आठवलं. भिलवडी, सहावीचं वर्ष.
घसा आला, मग ताप, मग गुडघा टम्म,
गुडघा उतरतोय तोवर मनगट.
दर एकवीस दिवसांनी इंजेक्शन सांगितलं होतं.
"चार घेटली. मग बरं वाटाय लागलं,
आनि यष्टीला पैसं लागायचं."

पडद्यावर काळीज करडं, धुरकट.
दोन पाकळ्यांची झडप, टोकाला चिकटलेली.
चार चौरस सेंटिमीटरचं दार,
आता एकही पुरतं उरलं नव्हतं.
फुग्यानं उघडता आलं असतं,
पण चुना धरलाय, आणि गळतीही आहे.
गोळ्यांनी?
"गोळ्यांनी पाणी उतरेल. झडप नाही."
म्हणजे शेणकाला, मी म्हणालो.
बाईंना कळलं नाही. जैबुनला कळलं.

आदल्या संध्याकाळी जिन्यात
मशीनवाला कुबेर चौगुले भेटला.
काळीज बंद ठेवून दीड तास
त्याच्या यंत्रावर तिचं रक्त फिरणार होतं.
मी विचारलं, आधी भरून घेता का?
नाहीतर हवा धरेल.
तो थांबला. "तुम्ही काय करता?"
पंप, म्हटलं.
मग पायरीवर बसून त्यानं एकेक नळी सांगितली,
बुडबुडा कुठं अडवतात तेसुद्धा.
त्या रात्री मी तीन तास तरी झोपलो.

काढलेली झडप बाईंनी ट्रेमध्ये दाखवली.
जाड, पिवळट, मधे नुसती फट,
माशानं तोंड उघडावं आणि तसंच राहावं.
आयुष्यभर झिजलेले वायसर मी खिशात घालून आणले.
याला हात लागेना.

आता आत धातूची आहे. टिक. टिक.
ती घरी आली त्या रात्री
मी भिंतीवरच्या घड्याळाचा सेल काढून ठेवला.
आवाज कुणाचा ते कळायला हवं.
रक्त पातळ राहायची गोळी रोज सातला,
महिन्याला तपासणी,
मेथी सोडायची नाही, ढीगभर खायचीही नाही.
विळी मी तिच्या हातून काढून घेतो,
ती परत घेते.

काल हलिमा शाळेतून आली.
"अब्बा, घसा दुखतोय."
अंगणात मोटर उघडी पडली होती, वाइंडिंग बाहेर.
एरवी म्हटलं असतं, मीठ-पाण्याच्या गुळण्या कर.
हात पुसून वर बघतो तर
जैबुन दारात, चप्पल घालून.
दवाखान्याच्या चढावर
ती आम्हा दोघांच्याही पुढं होती,
बोलत.